सेल्फ घेतेय, पण धरत नाही

सकाळी सहा पन्नासला आमच्या सोसायटीच्या पोडियमवरच्या पार्किंगमध्ये एक आवाज यायचा, तो आधी सांगतो. ख्यँ-ख्यँ-ख्यँ-ख्यँ-ख्यँ. मग गप्प. मग परत ख्यँ-ख्यँ-ख्यँ. तिसऱ्या नाहीतर चौथ्या वेळी आत कुठेतरी एक खोकला, मग दुसरा, आणि मग अंगावरचं पाणी झटकून कुत्रं उठतं तशी गाडी थरथरत सुरू. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाला खरं तर आवाजाचं काही वाटायला नको, समोर मेट्रोची कामं, रात्रभर ट्रक, पण पोडियमला वर स्लॅब आणि खाली फरशी, त्यामुळे तिथे कुणी शिंकलं तरी घुमतं. एकदा लिफ्टमध्ये सहाव्या मजल्यावरच्या काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज चारदा ना?" मी म्हटलं हो. त्या म्हणाल्या, "काल तीनच होते."

गाडी म्हणजे २०११ची पेट्रोल हॅचबॅक, करड्या रंगाची, एमएच-०४, नव्वद हजार किलोमीटर झालेली. कंपनी सांगत नाही, कारण चौदा वर्षांत तिने एकदाही रस्त्यात सोडलं नाही आणि आता उगाच नाव खराब कशाला. बायकोचं म्हणणं विकून टाक, पुढच्या वर्षी पंधरा पूर्ण होतील, मग आरटीओत जाऊन फिटनेस, फेरनोंदणी, ग्रीन टॅक्स, त्यापेक्षा आत्ताच कुणाला तरी दे. तिचं बरोबरच आहे. पण जी गाडी सकाळी चार वेळा ख्यँ-ख्यँ करते ती दाखवायची तरी कशी, घेणारा माणूस साडेअकराला आला आणि मी आधी गुपचूप गरम करून ठेवली तर ती फसवणूक होते, आणि तसं करायचं नसेल तर आधी दुरुस्त करायला लागते, आणि दुरुस्त झाली तर विकायची कशाला? या चक्रात जुलै महिना निघून गेला. मुलीचा बारावीचा क्लास नौपाड्यात साडेसातला, म्हणजे रोज ही परीक्षा होतीच, तिची आणि माझी.

ठाण्यात दोन गोष्टींवर प्रत्येकाचं मत तयार असतं, मिसळ कुठली खरी आणि समोरच्याची गाडी का सुरू होत नाही. पार्किंगमधले शेजारी बॉनेटपर्यंत पोचायच्या आधीच म्हणाले, "बॅटरी गेली तुमची." वॉचमन म्हणाला उंदीर, वायर कुरतडली असणार, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या खर्चाने तंबाखूची चार पानं आणून बॉनेटमध्ये लटकवली, कारण त्या वासाला म्हणे उंदीर येत नाहीत (आले नाहीत, पण आधीही आले नव्हते). सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं की हे सगळं इथेनॉलमुळे, सरकारने वीस टक्के मिसळलंय, जुन्या गाड्या आता अशाच मरणार. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं हे खरं आहे, त्याची वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते हेही खरं आहे, आणि माझी गाडी काही वीस टक्क्यांसाठी बनवलेली नव्हती. पण मग त्याच पंपावर, त्याच नोजलने पेट्रोल भरणारी शेजाऱ्यांची २००९ची गाडी चावीला हात लावताच उठते, तिचं काय? यावर ग्रुपवर दोन अंगठे आले आणि विषय पाण्याच्या टँकरवर गेला.

मी इतरांना हसतोय, पण मीही तेच केलं. पहिली बॅटरीच बदलली.

तसं अगदी डोळे मिटून नाही. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, लॉकडाऊनमध्ये घेतलेला, तेव्हापासून घरातला प्रत्येक सेल मोजून झालाय. चांगली भरलेली बॅटरी उभ्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, माझी १२.३ दाखवत होती. सेल्फ मारताना, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवताना, व्होल्टेज खाली जातंच, पण साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरी थकली असं समजायचं. माझी ९.८ पर्यंत जायची. म्हणजे पस्तीस मार्कांवर पास होणारं पोर. त्यात चार वर्षं झालेली, त्यामुळे मनाने कौल दिला की हीच ती. चार हजार आठशे गेले, जुनी बॅटरी दुकानदाराने ठेवून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं तर ख्यँ-ख्यँ जोरात आणि भराभर ऐकू यायला लागलं. चारदाच. आधी एक दमलेला माणूस दारावर थापा मारत होता, आता ताज्या दमाचा माणूस मारत होता, आत झोपलेला तोच. काकू म्हणाल्या, "आवाज बदलला हो."

हे मला त्या दिवशी समजायला हवं होतं, पण समजायला अजून तीन आठवडे लागले. गाडी सुरू न होणं हे एक दुखणं नाहीच, दोन आहेत. एक म्हणजे चावी फिरवली आणि सेल्फच घेत नाही, नुसतं टक किंवा टक-टक-टक-टक, दिवे मंद होतात, तिथे बॅटरी, तिचे टर्मिनल, त्यावर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी, बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, सेल्फ मोटर, एवढंच बघायचं. दुसरं म्हणजे सेल्फ छान घेतेय, इंजिन फिरतंय, पण धरत नाही. तिथे बॅटरी बिचारी तिचं काम करतेय, तिला बदलून काय उपयोग. धरण्यासाठी इंजिनला हवा पाहिजे, पेट्रोल पाहिजे, ठिणगी पाहिजे, आत दाब पाहिजे, आणि हे सगळं वेळेवर पाहिजे. यातलं काय कमी पडतंय ते शोधायचं. माझी गाडी पहिल्या दिवसापासून ओरडून सांगत होती की मी दुसरीकडची आहे. आणि माझ्याकडे मीटर होता, त्यामुळे मी जे मोजता येतं ते मोजत बसलो.

मग एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गेलो, एसी वेटिंग रूम, काचेतून गाडी दिसते, कॉफी फुकट. नाव जाऊ दे. त्यांनी एस्टिमेट दिलं, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनिंग, कॉइल, प्लग, एअर फिल्टर, इंजिन फ्लश, सगळं धरून चौदा हजारांच्या वर. मी विचारलं की यातलं नक्की काय बिघडलंय, तर तो तरुण मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, हे सगळं केलं की होऊन जातं." डॉक्टरने एकाच वेळी सगळी औषधं द्यावीत, एखादं तरी लागू पडेल, तसं. मी प्लग आणि एअर फिल्टर एवढंच केलं. निघालेले जुने प्लग त्याने हातात दिले, टोकाला बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग. काळी काजळी असती तर पेट्रोल जास्त जातंय, ओले असते तर पेट्रोल जातंय पण जळत नाही, पांढरे फटक असते तर इंजिन तापतंय. बिस्किटाचा रंग म्हणजे तब्येत ठणठणीत. मी म्हटलं हे तर चांगले आहेत. तो म्हणाला, "हो सर, पण आलाच आहात तर." या 'आलाच आहात तर'वर अर्ध्या ठाण्याची दुकानं चालत असावीत.

ऑनलाइन एक निळा डोंगलही मागवला, स्टीअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाइलवर ॲप, की गाडीचा कॉम्प्युटर काय तक्रारी लिहून ठेवतो ते दिसतं. एकही तक्रार नाही. शून्य. कॉम्प्युटर म्हणतोय सगळं उत्तम. मला ऑफिसची आठवण झाली.

आता बाबांबद्दल. बाबा एक्क्याऐंशी वर्षांचे, नोकरी सगळी वागळे इस्टेटमध्ये, एमआयडीसीची पहिली वसाहत ती, आणि १९८७ ते १९९९ त्यांच्याकडे सेकंडहँड पद्मिनी होती. क्रीम कलर, गिअर स्टीअरिंगला. २०२३च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची झाली आणि रस्त्यावरून उतरली, ती बातमी त्यांनी कापून देवाच्या पुस्तकांच्या कप्प्यात ठेवलीय. हल्ली ते मागच्या सीटवर बसतात, आणि मी चावी फिरवली की मागून एकच प्रश्न येतो, "चोक ओढलास?"

बाबा, या गाडीला चोक नाही. "मग कशी धरणार?" हा संवाद आमच्यात चौदा वर्षं चाललाय.

पण त्यांची पद्मिनी सुरू करणं हा एक कार्यक्रम होता हे मला नीट आठवतं. मला शाळेत सोडायचं असेल तर ते दहा मिनिटं आधी खाली जायचे. चोकची मूठ बाहेर ओढायची, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये जाणाऱ्या हवेचा गळा आवळायचा, की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. कारण पेट्रोल जळत नाही, पेट्रोलची वाफ जळते, आणि गार इंजिनमध्ये निम्मं पेट्रोल वाफ न होता भिंतींनाच चिकटून राहतं, म्हणून जास्त पाजायचं. मग ॲक्सिलरेटर दोनदा दाबायचा, तिसऱ्यांदा दाबला तर ओव्हरफ्लो होऊन प्लग भिजले, मग बसा पंधरा मिनिटं बॉनेट उघडून. मग सेल्फ. धरली की चोक हळूहळू आत ढकलत न्यायचा, इंजिनच्या आवाजाकडे कान ठेवून, एकदम ढकलला तर बंद. हे सगळं करताना बाबा कुणाशी बोलायचे नाहीत. आणि मे महिन्यात गावाला जाताना उलटं प्रकरण, बोरघाट चढून गाडी थांबवली की परत सुरू व्हायची नाही, कारण इंजिनच्या उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ व्हायची आणि पंपाला वाफ ओढता यायची नाही. मग आईने पाण्याच्या बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतायचं, ते ओलं फडकं बाबांनी पंपावर गुंडाळायचं, आणि आम्ही सगळ्यांनी कठड्यावर बसून काकडी खायची. गार असताना वेगळं दुखणं, गरम असताना वेगळं, हे मी सातव्या-आठव्या वर्षी बघितलेलं आहे. नंतर विसरलो.

त्यामुळे एका संध्याकाळी मी त्यांना समजावलं की आता चोकचं काम कॉम्प्युटर करतो, कूलंटमध्ये एक सेन्सर असतो, तो इंजिन किती गार आहे ते सांगतो, आणि त्या हिशोबाने इंजेक्टर जास्त पेट्रोल सोडतात. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग तो खरं सांगतोय का ते बघ की. गार असताना गरम आहे म्हणून सांगत असेल." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. चौदा हजारांच्या एस्टिमेटमध्ये हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि असं खरंच होतं, सेन्सर खोटं बोलायला लागला की गार इंजिनला पेट्रोल कमी पडतं. दुसऱ्या दिवशी पहाटे डोंगल लावून बघितलं. २७ अंश. बाहेरची हवाही तेवढीच. सेन्सर खरं बोलत होता. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, एक तर कमी झालं." आणि चहा प्यायला लागले.

मामांचं गॅरेज वागळे इस्टेटमध्येच, त्या नंबरांच्या रस्त्यांपैकी एकावर, दोन शेडच्या मधे, वर ताडपत्री. मूळचे साताऱ्याकडचे, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही. मी गेलो ते सगळी फाइल घेऊनच, बॅटरी नवीन, प्लग नवीन, फिल्टर नवीन, कॉम्प्युटरची तक्रार नाही, सेन्सर ठीक, व्होल्टेज एवढं. मामांनी हातातला जबड्याचा पाना खाली ठेवला आणि विचारलं, "बदललं काय ते नका सांगू. कवा धरत नाय ते सांगा."

सकाळी.

"रोज सकाळी? का गाडी उभी राहिली म्हंजे? दुपारी बारा तास उभी ठेवून बघितली का? क्लासवरनं येताना धरती का? धरली की मिसिंग करती का, म्हंजे अडखळत चालती का, का लगेच सुरळीत? काळा धूर? पेट्रोलचा वास?"

मला यातल्या एकाचंही उत्तर ठामपणे देता येईना. मी एक महिना त्या गाडीशी भांडत होतो आणि ती नक्की केव्हा भांडते हे मला माहीत नव्हतं. मामा म्हणाले, आठ दिवस लिहून काढा, मग या. पैसे घेतले नाहीत. चहा त्यांनीच पाजला.

मग मी मुलीच्या जुन्या फिजिक्सच्या वहीची मागची पानं घेतली आणि लिहायला लागलो. गाडी किती वाजता बंद केली, किती वाजता सुरू केली, किती वेळा. सकाळी, रात्रभर उभी, चार. नौपाड्यात मुलीला सोडून दूध आणि वडापाव घेऊन दहा मिनिटांनी, एकदम. गडकरीला नाटक बघून तीन तासांनी, दुसऱ्या वेळी. उपवनला फिरून तासाभराने, एकदम. पाऊस पडत होता त्या सकाळी चार, उघडीप होती त्या सकाळीही चार, म्हणजे दमट हवेचा आणि वायरींचा काही संबंध नाही, तंबाखूची पानं काढून टाकली. धरल्यावर मिसिंग नाही, धूर नाही, वास नाही.

खरी गंमत रविवारी झाली. डोंबिवलीला आत्याकडे जायचं होतं, सकाळी दहाला, पण आईने आयत्या वेळी पाय मागे घेतला. आई आणि आत्या यांचं चष्म्यावरून काहीतरी आहे, दोन वर्षं झाली, आत्याकडच्या लग्नाला गेलो होतो तेव्हा आईचा चष्मा तिकडे राहिला, आईने फोन करून "नीट बघा ना, तिथेच असणार" असं दोनदा म्हटलं आणि आत्याला ते लागलं. तेव्हापासून फोन दिवाळीला, तोही दोन मिनिटांचा. असो. तर जाणं रद्द झालं आणि गाडी शनिवारी दुपारपासून रविवारी दुपारपर्यंत उभी राहिली. त्या दिवशी लख्ख ऊन पडलेलं, दुपारी अडीचला मी सुरू करायला गेलो, गाडी पोडियमच्या उन्हाच्या टोकाला उभी, बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. पाच वेळा. आजवरचा उच्चांक.

म्हणजे सकाळचा संबंध नव्हता. गारव्याचा नव्हता. तासांचा होता. जेवढे तास उभी, तेवढं जास्त. रात्रीत काहीतरी गळून जात होतं, किंवा दिवसात, तिला रात्र-दिवस काय, आणि ते परत भरायला चार वेळा सेल्फ मारावा लागत होता. वही बंद करून मी तसाच पोडियमवर उभा राहिलो आणि मला एवढा आनंद झाला की वॉचमनला सांगावंसं वाटलं, पण त्याला आधीच पानं काढल्याचा राग आलेला होता.

मामांनी वही शेवटपर्यंत वाचली, बोट ठेवून. मग म्हणाले, उद्या सकाळी मी येतो, गाडीला रात्री हात लावू नका. आणि खरंच सकाळी सव्वासहाला स्कूटरवर आले, माझ्या बाजूच्या सीटवर बसले. "करा सुरू रोजच्यावानी." मी चावी घातली आणि फिरवली, ख्यँ-ख्यँ-ख्यँ.

"थांबा. तुम्ही चावी एका दमात फिरवताय."

मग? सगळेच फिरवतात.

"आता निम्मी फिरवा. दिवे लागतील तिथवर. आन गप बसा. रेडिओ बंद करा, एसीचा पंखा बंद करा. ऐका."

मी चावी अर्धी फिरवली. डॅशबोर्डवर दिवे लागले, आणि मागच्या सीटच्या खालून एक बारीक गुणगुण आली, ऊंऽऽ, साधारण दोन सेकंद, आणि थांबली. चौदा वर्षांत मी हा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हणजे तो रोज होत असणार, पण मी तोवर सेल्फ मारलेला असायचा. मामा म्हणाले चावी बंद करा, परत निम्मी. ऊंऽऽ. परत बंद, परत निम्मी. ऊंऽऽ. "आता मारा सेल्फ."

ख्य... आणि सुरू. निम्म्या ख्यँवर. मुलगी मागून "काऽऽय?" म्हणून ओरडली.

तर झालं होतं असं. या गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीतच बुडवलेला असतो, विजेवर चालतो, चावी अर्धी फिरवली की दोनेक सेकंद फिरून तो इंजिनपर्यंतची नळी दाबाने भरतो, साधारण तीन बार, आपल्या टायरच्या हवेच्या दीडपट वगैरे. इंजिन फिरलं नाही तर पंप थांबतो, अपघातात पेट्रोल वाहत राहू नये म्हणून. आणि पंपाच्या तोंडाशी एक छोटा एकतर्फी वॉल्व्ह असतो, त्याचं काम एवढंच की गाडी बंद केल्यावर तो दाब रात्रभर नळीत धरून ठेवायचा, मागे टाकीत जाऊ द्यायचा नाही. माझ्या गाडीचा तो वॉल्व्ह नीट बसत नव्हता. दहा मिनिटांत फारसा फरक पडत नाही, तीन तासांत अर्धा दाब जातो, रात्रभरात सगळा. सकाळी मी सेल्फ मारायचो तेव्हा पंपाला रिकाम्या नळीपासून सुरुवात करायला लागायची. आणि कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नव्हतं, कारण अशा साध्या गाड्यांत पेट्रोलचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. ज्याला विचारलं जात नाही तो काय तक्रार करणार.

तरी मामांनी लगेच पंप बदला म्हटलं नाही, आणि हे मला फार आवडलं. दाब इंजेक्टर गळत असले तरी जातो. तसं असतं तर गळलेलं पेट्रोल इंजिनमध्ये साचलं असतं, सुरू होताना काळा धूर आणि वास आला असता, जो वहीत नव्हता. पण वहीवर सोडायचं नाही म्हणून गॅरेजमध्ये त्यांनी नळीला घड्याळासारखा गेज लावला, पंप फिरवला, काटा चढला, पंप थांबल्यावर काटा हळूहळू खाली सरकायला लागला. मग टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीला चिमटा लावला आणि परत तेच केलं. काटा जागेवर. म्हणजे गळती चिमट्याच्या मागे, टाकीकडे. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील. वॉल्व्ह एकटा मिळत नाही, पंपाचा अख्खा संच घ्यायला लागतो, त्याचे साडेपाच हजार. मामांनी दुसरा पर्यायही सांगितला, चावी तीनदा फिरवायची सवय लावून घ्या, फुकट. मला तो पर्याय खरं तर आवडला होता. बायको म्हणाली, "पावसात खारेगावच्या पुलावर बंद पडली तर तिथे पण तीनदा गुणगुण ऐकत बस." संच घेतला.

दुसऱ्या दिवसापासून गाडी पहिल्या झटक्याला सुरू होते, आणि मी तरीही चावी अर्ध्यावर थांबवतो, गरज नाही, पण ती गुणगुण ऐकल्याशिवाय आता पुढे जाववत नाही. काकू लिफ्टमध्ये म्हणाल्या, "हल्ली गाडी काढत नाही का?"

पण पंप बसवला त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. पंप माझ्या गाडीत मागच्या सीटच्या खाली, म्हणून सीटची गादी उचलायची होती. मामांनी बॅटरीचं टर्मिनल काढलं, तोंडातली तंबाखू थुंकून आले, पोराला मोबाइल लांब ठेवायला सांगितलं, आणि गादी उचलली. खाली चौदा वर्षांचं घर होतं. एक रुपयाची चार नाणी. मुलीचा हेअर क्लिप, रंगीत खडूचा तुकडा, दगड झालेला तिळगूळ. ऐरोली टोलनाक्याची पावती, तो टोल छोट्या गाड्यांना २०२४च्या ऑक्टोबरातच बंद झाला. आणि पंपाच्या गोल झाकणाला टेकून, धुळीने माखलेली, नौपाड्यातल्या चष्मेवाल्याची मरून रंगाची डबी.

मी ती पुसून घरी आणली आणि डायनिंग टेबलवर आईसमोर ठेवली. काही बोललो नाही. आईने उघडली, चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांना लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मधल्या काळात तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. "नंबर बदललाय," ती म्हणाली आणि परत डबीत ठेवला.

बाबांनी विचारलं, "कुठे मिळाला?"

"गाडीत. मागच्या सीटखाली, पेट्रोलच्या पंपाजवळ."

"तरीच धरत नव्हती," बाबा म्हणाले.

आई उठून मोबाइल घेऊन बाल्कनीत गेली. बाहेर येऊरच्या बाजूला आभाळ भरून आलेलं, खाली नेहमीचा ट्रॅफिक. दार अर्धवट उघडं होतं.

"हॅलो, वन्सं? हो, मीच. ... नाही हो, काही नाही, सहजच केला. पाऊस काय म्हणतोय तिकडे?"